दुसरी काडेपेटी

परवा रविवारी सकाळी भाचा आला. हातात फोन, चेहऱ्यावर गहन प्रश्न. यंदा पावसाळ्यात रतनगड आणि दिवाळीनंतर हिमालय असा त्याचा बेत आहे. सॅकमधल्या संकटकाळच्या डबीत सगळं भरून झालं होतं. शिट्टी, दोरी, पट्ट्या, गोळ्या. अडलं होतं एकाच वस्तूवर. "मामा, जाळ करायला जादाचं साधन कुठलं घेऊ? यात तर बावीस प्रकार दिसतायत. कुणाला होकायंत्र आहे, कुणाला शिट्टी, एक तर मनगटात घालायचा आहे!"

मी म्हटलं, "आधी चहा घे. मग तुला एका रात्रीची गोष्ट सांगतो."

जुलै १९९३. आम्ही पाच जण खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. पाऊस असा की पुढच्याची पाठ दिसेना. वाट चुकलो, दोन तास धुक्यात फिरलो आणि अंधार पडता पडता देवळाजवळच्या एका गुहेत शिरलो. पाचही जण ओलेचिंब. त्यात आमच्यातला एक, एरवी सर्वात बडबड्या, अगदी गप्प झाला होता. आधी तो कुडकुडत होता, मग बोलताना जीभ अडखळू लागली. बुटाची नाडी सोडायला सांगितली तर बोटं नुसती तिच्याभोवती फिरत राहिली.

आज मला ठाऊक आहे, ही शरीराचं तापमान उतरू लागल्याची लक्षणं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की जिवाला धोका सुरू होतो, आणि त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. सह्याद्रीतला पाऊस, वारा आणि अंगावरचे ओले कपडे तेवढ्याला पुरतात. तेव्हा मात्र आम्हाला एवढंच कळलं, की याला काहीतरी गरम द्यायला हवं.

स्टोव्ह होता. त्यात रॉकेल होतं. चहा, साखर, सगळं होतं. आणि आम्ही शहाणे म्हणून काडेपेट्याही एक नाही, दोन आणल्या होत्या. दोन्ही एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्या पिशवीला कुठेतरी बारीकसं भोक पडलं होतं. काड्यांचे गुल बोटाला चिकटत होते आणि पेटीच्या बाजूची पट्टी ओल्या कागदासारखी सोलून निघत होती. एकेक काडी ओढून आम्ही दोन्ही पेट्या संपवल्या. भरल्या स्टोव्हपुढे पाच जण अंधारात बसलो.

मित्राला वाचवलं ते जाळानं नव्हे. एकाच्या सॅकमध्ये तळाशी कोरडे कपडे आणि स्वेटर निघाला. ओलं सगळं उतरवून ते त्याच्या अंगावर चढवलं, त्याला स्लीपिंग बॅगमध्ये घातलं, दोघे जण दोन्ही बाजूंना चिकटून झोपले आणि थोड्या थोड्या वेळानं गुळाचे खडे भरवत राहिलो. पहाटे तो बोलू लागला. ती रात्र किती लांब होती ते सांगता येणार नाही.

सकाळी म्हशी घेऊन वर आलेले पाचनईचे एक बाबा गुहेत डोकावले. आमची कहाणी ऐकली. घोंगडीच्या खोळीत हात घालून मुंडाशाच्या घडीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी काढली आणि पहिल्याच काडीला स्टोव्ह पेटवला. मग आमच्या दोन भिजक्या पेट्यांकडे बघून म्हणाले, "दोन्ही बैल एकाच खड्ड्यात घातले की रं पोरांनो!"

जाळाच्या जादा साधनाबद्दल मला आजवर मिळालेला सर्वात मोलाचा सल्ला हाच. दोन काडेपेट्या म्हणजे दोन साधनं नव्हेत. ज्या कारणानं पहिली निकामी होईल, त्याच कारणानं दुसरीही होणार. जादाचं साधन वेगळ्या जातीचं हवं आणि वेगळ्या जागी हवं.

आता एकेकाची जात बघू. काडेपेटीची गंमत अशी, की तिचं रसायन दोन ठिकाणी वाटलेलं असतं. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक, तर बाजूच्या पट्टीत तांबडा फॉस्फरस. दोन्ही भेटल्याखेरीज जाळ नाही. घरात ही सोय सुरक्षित खरी, पण पावसात दोहोंतलं एक भिजलं तरी खेळ खलास. शिवाय काडी धरायला बोटं शाबूत लागतात. गारठ्यानं बधिर झालेल्या हाताला काडी ओढणं जमत नाही, ते आम्ही त्या रात्री पाहिलंच.

लायटर हे पहिलं साधन म्हणून उत्तम. चाक फिरवून ठिणगी पाडणारा साधा घ्यावा. तो भिजला तर झटकावा, फुंकावा, चाक कपड्यावर घासून कोरडं करावं. थोड्या वेळानं बहुधा पुन्हा पेटतो. नुसतं बटण दाबून पेटणारे ओलीत आणि उंचावर जास्त रुसतात. मात्र बहुतेक लायटरमध्ये ब्यूटेन वायू असतो आणि तो शून्य अंशाच्या आसपास द्रवच राहू पाहतो. म्हणून हिमालयात लायटर सॅकमध्ये न ठेवता आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. आणि हो, आपल्याकडे विमानात काडेपेटी किंवा लायटर नेऊ देत नाहीत. ते उतरल्यावर विकत घ्यायचे.

मग जादाचं साधन कुठलं? माझं मत फेरो रॉडला. दिसायला पेन्सिलीच्या तुकड्यासारखी काळपट कांडी. धारदार कडेनं खरवडली की सुमारे ३००० अंशांच्या ठिणग्या झडतात. ती भिजली तर पुसायची, एवढंच. वायू संपण्याचा प्रश्न नाही आणि थंडीचाही नाही. सेरियम आणि लोखंडाचा हा मिश्रधातू कार्ल आउअर फोन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानं काढला, १९०३ साली त्याचं पेटंट घेतलं. लायटरमधला 'खडा' तोच. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवणाऱ्या गॅसबत्त्या ज्यांना आठवतात, त्यांनी या माणसाचे आणखी एकदा आभार मानावेत. त्या बत्तीतली पांढरी जाळीही मूळची त्याचीच, १८८५ सालची.

तत्त्व तसं जुनंच. आमचे आजोबा तंबाखूच्या चंचीत चकमक बाळगायचे. गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि जळून काळा झालेला कापूस. ठिणगी त्या काळ्या कापसावर पडली की तो धुमसू लागे, मग फुंकर. त्यांचा सगळा जीव त्या कापसात. "ठिणगी कुणीबी पाडंल, झेलणारा पायजे," असं म्हणायचे.

इथेच नवशिके फसतात. कांडी घेतात, तिच्यासाठी कापूस घेत नाहीत. औषधाच्या दुकानातला कापूस घ्यावा, त्याला थोडं व्हॅसलीन चोळावं आणि गोळे करून घट्ट झाकणाच्या डबीत भरावेत. वापरताना गोळा उसवून तंतू मोकळे करायचे. ठिणगी त्या तंतूंना धरते आणि गोळा काही मिनिटं जळतो. देवघरातला कापूरही कामाचा, पण तो उडून जातो, म्हणून डबी हवाबंद हवी. आणि तो नुसत्या ठिणगीवर दर वेळी पेटेलच असं नाही, पेटत्या कापसावर ठेवावा. सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे सोबत असावेत. घाण धूर करतात, पण ओलेसुद्धा जळतात.

कांडी घेताना होकायंत्र, शिट्टी, मनगटी पट्टा या शोभेला भुलू नये. सुमारे ८ मिलिमीटर जाड आणि मुठीत धरता येईल एवढी लांब असली की झालं. फार बारीक असेल तर जोर देताना मोडते. सोबतची पट्टी बोथट निघाली तर हॅकसॉ ब्लेडचा तुकडा चालतो. नव्या कांडीवरचा काळा थर आधी खरवडावा. पट्टी कापसाजवळ स्थिर धरून कांडी मागे ओढावी, म्हणजे रचलेला कापूस उधळत नाही. आपल्या दमट हवेत कांडी गंजून भुकटी होते, म्हणून वरून मेणाचा हात फिरवावा.

आणखी एक गोष्ट भाच्याला मुद्दाम सांगितली. कांडी जवळ आहे म्हणून रानात शेकोटी पेटवायची नाही. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, आणि उन्हाळ्यात एका ठिणगीनं अख्खा डोंगर जातो. हे साधन स्टोव्हसाठी आणि जिवावर बेतलं तर. तेव्हाही आधी आडोसा, मग कोरडे कपडे, मग जाळ. तंबूच्या आत तर कधीच नाही. विषारी धुरानं माणसं झोपेतच जातात.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. जुन्या तव्यात कापूस ठेवला. त्याला पहिला जाळ करायला वीस मिनिटं लागली आणि हाताला एक फोड आला. दुसऱ्यांदा पाच. मग मी त्याचे हात बादलीतल्या बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावले आणि म्हटलं, "आता पेटव." त्यानं माझ्याकडे खुनशी नजरेनं पाहिलं. पण पेटवलं.

रतनगडाहून तो कालच परतला. कांडी वापरायची वेळ आली नाही. सॅक रिकामी करताना मी गुपचूप पाहत होतो. लायटर शर्टाच्या खिशातून निघाला, कांडी गळ्यातल्या दोरीला होती आणि कापसाची डबी सॅकच्या वरच्या कप्प्यात.

तीन बैल, तीन गोठे. पाचनईच्या बाबांना बरं वाटलं असतं.