फवारणारा गडी सांभाळा



भातावर कीड दिसली की किन्हवली, शहापूर, मुरबाड भागात पाठीवर पंप चढतात. भातानंतर भेंडी-काकडीची फवारणी असतेच. आपण त्याला 'औषध' म्हणतो, पण ते विष आहे आणि फवारणाऱ्याच्या अंगातही जाते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले. कपाशी उंच वाढलेली, दोन-तीन औषधे एकत्र केलेली, अंगावर संरक्षक कपडे नाहीत. फवारा सरळ तोंडावर-अंगावर येत होता.

विष नाकातोंडातून जाते, तसेच कातडीतूनही जाते. म्हणून औषधाने भिजलेला सदरा अंगावर वाळू देऊ नये. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधे मज्जातंतूंचे काम बिघडवतात. मग लाळ आणि घाम सुटतो, डोळ्यांना पाणी येते, नजर अंधुक होते, मळमळ होते, पोटात कळा येतात, अंग थरथरते. पुढे श्वास अडतो. 'ऊन लागलं असेल' म्हणून गड्याला झाडाखाली निजवून ठेवू नका.

फवारणीपूर्वी डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा आणि तोंडाला मुखपट्टी हवी. मजूर लावला असेल तर हे सामान मालकानेच द्यावे. औषध काठीने ढवळा, हाताने नव्हे. तोटी तुंबली तर तोंडाने फुंकू नका. वाऱ्याच्या दिशेने फवारा. मध्येच विडी-तंबाखू नको. मुले व गरोदर बायांना शेतापासून दूर ठेवा. काम संपल्यावर साबणाने आंघोळ करा आणि कपडे वेगळे धुवा.

त्रास सुरू झालाच, तर काम लगेच थांबवा. कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवा. डोळ्यांत उडाले असेल तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. दूध-तूप पाजू नका, उलटी काढू नका. १०८ ला फोन करून रुग्णाला सरकारी दवाखान्यात न्या. औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल बरोबर घ्या, कारण कोणते विष आहे हे कळले की डॉक्टरांना उतारा लवकर ठरवता येतो.

मंडळी, कीड उद्याही मारता येईल. गेलेला माणूस परत येत नाही.