सहा सिलिंडर, एक रांग

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाताना गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना लागतो. तिथे ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. जड ट्रकचे इंजिन बहुधा सहा सिलिंडरचे, सहाही एका रांगेत. मला गंमत वाटते ती ही, की बीएमडब्ल्यूसारख्या आलिशान मोटारीचा लौकिकही याच मांडणीवर उभा आहे.

कारण असे, की पुढचे तीन आणि मागचे तीन पिस्टन परस्परांचे हादरे जिरवतात. चार सिलिंडरमध्ये थोडे हादरे उरतातच. ते मारायला तोल साधणारे वेगळे दांडे बसवतात. पण सहाची रांग लांब होते. ऑडीचे इंजिन पुढच्या अॅक्सलच्याही पुढे असायचे, तिथे ती मावेना. म्हणून १९७६ मध्ये ऑडीने चक्क पाच सिलिंडर घेतले!

मर्सिडीजने १९९७ मध्ये रांग मोडून सहा सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरपे मांडले. लांबी घटली, पण तोलाचा दांडा आलाच. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, एस-क्लासमध्ये रांग परतली. एसीचा कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंप विजेवर चालू लागले, इंजिनापुढचा पट्टा गेला आणि तेवढी जागा वाचली.

तेव्हा जुनी आलिशान गाडी घेणाऱ्याने बोनेटवरच्या चिन्हाआधी सिलिंडर विचारावेत. या तिन्ही कंपन्यांच्या अनेक गाड्यांत ते चारच असतात. मर्सिडीजच्या सी ६३ या दांडग्या मोटारीतही २०२२ मध्ये आठ सिलिंडर जाऊन चार आले, सोबतीला विजेची मोटर.