आधी ऐकून घेणारी माणसं

प्रभादेवीत सयानी रोडला रवींद्र नाट्य मंदिराच्या आवारात पु. ल. देशपांडे यांच्या नावाची कला अकादमी आहे. नाटकांमुळे पुलंचं नाव इथे रोज कानावर पडतं. मला मात्र तो फलक पाहिला की पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आठवतं, आणि मग आमच्या चाळीतला एक मुलगा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्याच सुमारास मुंबईच्या गल्लीबोळांत ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, येऊन पोचली. आमच्या चाळीतला हा मुलगा त्यात अडकला आणि सार्वजनिक नळाचा पितळी कॉक विकताना सापडला. चाळीने त्याला मारलं, समजावलं, सिद्धिविनायकाची शपथ घालून खोलीत कोंडलं. आई त्याच्या पाया पडली. दुसऱ्या दिवशी टर्की, म्हणजे गर्द न मिळाल्याने होणारा त्रास, सुरू झाली. नाक-डोळे गळत होते, पोटात पिळवटत होतं, अंगात हाडं मोडल्यासारखी कळ होती. रात्री तो पळाला. त्याचं काय चुकलं, हे आम्ही सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं. त्याला काय होतंय, हे कुणीच विचारलं नव्हतं.

लेखक अनिल अवचटांचे गर्दवरचे लेख वाचून पुलं आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाई अस्वस्थ झाले, मदतीला उभे राहिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. त्याचा कणा होत्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट. १९९७ मध्ये त्या गेल्या. पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा घेतली.

इथे येणाऱ्याला रुग्णमित्र म्हणतात. गर्दुल्ला, बेवडा ऐकून निबर झालेल्या कानांना तो शब्दच आधी लागतो. मुक्काम साधारण ३५ दिवसांचा. पहिले काही दिवस शरीरातलं विष उतरवण्यात जातात, ते डॉक्टरांचं काम. खरं कसब नंतरचं आहे.

समुपदेशकांपैकी अनेकजण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले. नवा माणूस म्हणतो, "बायको कटकट करते म्हणून पितो." आपण असतो तर लगेच बायकोची बाजू घेतली असती. समुपदेशक विचारतो, "आणि ती माहेरी जायची तेव्हा?" मग थांबतो. हे थांबणंच मला सर्वांत अवघड वाटतं. शांतता लांबते, समोरचा चुळबुळतो आणि स्वतःच म्हणतो, "तेव्हा जास्त प्यायचो." हे वाक्य दुसऱ्याने ऐकवलं असतं तर भांडण झालं असतं, स्वतःच्या तोंडून आलं म्हणून ते टिकतं. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये हाच धागा शास्त्रात मांडला: बदलाची कारणं माणसाकडूनच वदवून घ्यायची.

समूहोपचारात वर्तुळ करून बसतात. "मी कधीही सोडू शकतो," असं एकजण म्हणाला की बाकीच्यांना ते खोटं कळतं, कारण प्रत्येकाने ते घरी म्हटलेलं असतं. पण इथे त्या खोट्याचा पंचनामा होत नाही. दुसरा आपली गोष्ट सांगतो, एवढंच. मारझोड करून, डांबून व्यसन सोडवू पाहणाऱ्या जागा आजही आहेत. भीतीने माणूस गप्प होतो, सुटत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कुटुंबाचंही ऐकून घ्यावं लागतं. वर्षानुवर्षं पैसे लपवून, डबे हुंगून, शेजाऱ्यांना थापा मारून थकलेल्या बायका-आया असतात. त्यांनाही रडायला जागा लागते, आणि नवऱ्याचं पिणं हा आपला दोष नाही, हे कुणीतरी सांगावं लागतं.

घरी जाण्याआधीचं बोलणं तर अगदी बारीकसारीक असतं. प्रभादेवीचा मुलगा असेल तर दादरला उतरून कुठल्या रस्त्याने चालणार? जुना अड्डा वाटेत आहे का? मग दुसऱ्या गल्लीने जा. पगार कुणाच्या हातात देणार? संध्याकाळी सहा ते आठ काय करणार? भूक, राग, एकटेपणा, थकवा, यातलं काय तुला आधी गाठतं? आणि घसरलासच, तर लाजून दडी मारायची नाही. त्याच दिवशी फोन करायचा, फॉलोअपला यायचं.

आमच्या चाळीतल्या मुलाला यातलं काहीच मिळालं नाही. त्या रात्री तो जिना उतरला तेव्हा सगळी दारं उघडी होती, आणि प्रत्येक दारातून त्याला काही ना काही सांगितलं जात होतं.