नाक आजीचं, जिवणी मावशीची!

बारशाला जमलेली मंडळी पाळण्यातल्या बाळाचे अवयव भराभर वाटून टाकतात. जनुकांची वाटणी मात्र याहून कितीतरी गमतीदार असते.

८३,८८,६०८! गुणसूत्रांच्या २३ जोड्या. बीजपेशीत प्रत्येक जोडीतलं एकच जातं. म्हणजे एकाच माणसाकडून इतक्या वेगवेगळ्या जुळण्या शक्य! शिवाय जोडीतली गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात, ते वेगळंच. मग सख्खी भावंडं एकमेकांसारखी दिसत नाहीत, यात नवल कसलं?

मुलगा की मुलगी? आईकडून एक्स गुणसूत्रच येतं. एक्स की वाय, हे वडिलांच्या शुक्रजंतूवर ठरतं. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंनी आधी चिरंजीवांकडे बघावं.

कानातला मळ ओला की कोरडा, हे एबीसीसी११ या जनुकातल्या एका अक्षराच्या फरकावर ठरतं. पूर्व आशियात बहुतेकांचा मळ कोरडा. त्याच फरकामुळे त्यांच्या काखेतल्या घामालाही वास कमी!

जिभेची पुंगळी करता येणं ही एका जनुकाची करामत, असं आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० साली मांडलं. पुढे एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमतं, दुसऱ्याला नाही, असं आढळलं. स्टर्टेव्हंट यांनी ते मान्य केलं. पण दावा अजून गाजतोच आहे.

बॉम्बे रक्तगट डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत शोधला. ए किंवा बीचं जनुक असलं तरी ज्या एच घटकावर ते काम करतं, तोच इथे नसतो. साध्या चाचणीत हा गट ओ वाटतो. प्रत्यक्षात ओ गटाचं रक्तही चालत नाही. लपलेलं ए जनुक पुढच्या पिढीत मात्र उघड होऊ शकतं. ‘ओ’ आईबाबांचं मूल ‘ए’ निघालं, तर संशय घेण्याआधी पुन्हा रक्त तपासा.

उंचीचं जनुक असं एकटंदुकटं नाहीच. ५४ लाख लोकांच्या डीएनएचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात उंचीशी निगडित १२ हजारांहून अधिक फरक सापडले. त्यात आहाराची भर वेगळी.

आणि थोडंसं तर कोणाचंच नाही! आईबाबांच्या बीजपेशी तयार होताना डीएनएची नक्कल थोडी चुकते. त्यामुळे प्रत्येक बाळात साधारण ६०-७० नवे बदल असतात, जे आईबाबांच्या स्वतःच्या शरीरात नसतात. तेवढ्यावर तरी कुठल्या आत्या-मावशीला हक्क सांगता येणार नाही.