उन्हाळ्याआधी वस्ती आगीपासून राखा

शिमगा झाला की वारा सुटतो आणि फडाची आग वस्तीवर यायला वेळ लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्ही अशाच एका वस्तीवर धावलो. विहिरीला पाणी भरपूर, पण तार तुटून लाईट गेलेली, मोटार चालेना. गोठा डोळ्यांदेखत जळाला. जनावरे वाचली, कारण घरच्या म्हातारीने विळ्याने दावी कापली.

तेव्हा आत्ताच एवढे करा. घर-गोठ्याभोवती दहा-बारा हातांचा पट्टा पाचट-गवत काढून नांगरून ठेवा. कडब्याची गंजी व सरपण घरापासून लांब रचा. दोन बॅरल पाणी, बादल्या व गोणपाट तयार ठेवा. मोटारीच्या भरवशावर राहू नका. विळा गोठ्याच्या दाराशी अडकवा. लोंबत्या तारांचा लेखी अर्ज महावितरणकडे द्या. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, तिच्यावर पाणी मारू नका.

पाचट पेटवू नका, सरीत कुजवा. ऊस जळालाच तर त्याच दिवशी गट ऑफिसला कळवा. तोड लांबली की वजन व साखर दोन्ही घटतात.

पण आग दिसताच आधी म्हातारी माणसे व पोरे बाहेर काढा. ऊस खोडव्याला पुन्हा फुटेल, माणूस फुटत नाही.