अंगावर पुरळ, पण रोग कोणता?

मुलाला ताप येऊन अंगावर पुरळ उठले, की घरात कोणी त्याला गोवर म्हणते, कोणी कांजिण्या, तर कोणी उष्णता. नावाने काय फरक पडतो? बराच पडतो. देवीच्या लसीच्या इतिहासावरून ते पाहू.

भारतात ही लस प्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचण्यात आली. १८७७ साली मुंबई शहरात बालकांना ती सक्तीची झाली. कांजिण्या मात्र या लसीने टळत नसत. लस टोचलेल्या मुलाला आलेल्या कांजिण्यांची नोंद 'देवी' अशी झाली, तर दोष लसीच्या माथी येई. ओळखण्याच्या खुणा होत्या. देवीचे फोड चेहऱ्यावर व हातापायांवर दाट, तळव्यांवरही, आणि एका भागातले सगळे एकाच अवस्थेत असत. कांजिण्यांचे फोड छाती-पाठीवर अधिक. काही नवे, तर काही खपली धरलेले असतात. १९७५ साली देवीच्या रोग्याची खबर देणाऱ्यास हजार रुपयांचे बक्षीस ठेवले होते. खबरींची अशी कसून तपासणी झाली, म्हणूनच मे १९७५ नंतर देशात देवीचा रोगी नाही, हे खात्रीने म्हणता आले.

आता गोवराचा विचार करू. नवव्या महिन्यानंतरच्या पहिल्या मात्रेने शंभरातील सुमारे ८५ बालकांना संरक्षण मिळते. समजा, एका गावात शंभर मुलांनी एक मात्रा घेतली व दहांनी घेतलीच नाही. साथीत असुरक्षित असलेली सगळी मुले आजारी पडली, तर लस घेतलेले रोगी पंधरा आणि न घेतलेले दहा! म्हणजे लस कुचकामी काय? नव्हे. लस घेतलेल्या शंभरांपैकी पंधरा आजारी पडले. न घेतलेल्या दहांपैकी दहाही. उरलेली उणीव भरून काढण्यासाठीच १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा देतात.

बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. नेमकी याच काळात आलेली मात्रा चुकण्याचा संभव असतो. म्हणून परतलेल्या मुलाला ताप व पुरळ दिसल्यास शिक्षकांनी स्वतः नाव न ठरवता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. पुरळ उठल्यापासून २८ दिवसांच्या आत घेतलेल्या रक्ताच्या तपासणीतून गोवर की रुबेला, हे कळू शकते. धाकट्या भावंडांची लसीकरणाची कार्डेही त्याच वेळी पाहावीत.