झडप दुसऱ्यांदा बदलावी काय?

मानवी हृदयात चार झडपा असतात. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा त्यांची उघडझाप होते आणि त्यामुळे रक्ताचा प्रवाह एकाच दिशेने चालू राहतो. आपल्याकडे या झडपा निकामी होण्याचे परिचित कारण म्हणजे बालपणी येणारा संधिवाती ताप. अमेरिकेत मात्र हेरॉईन, फेन्टॅनिल यांसारखी मादक द्रव्ये सुईवाटे घेणाऱ्या तरुणांमध्ये झडपांचा एक निराळाच विकार मोठ्या प्रमाणावर आढळू लागला असून, त्याने तेथील शल्यविशारदांपुढे एक अवघड प्रश्न उभा केला आहे.

सुईवाटे रोगजंतूंचा शिरकाव

अस्वच्छ सुई अथवा न पुसलेली त्वचा यांच्यामार्फत जंतू शिरेत शिरतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्यांतील प्रमुख. शिरांतील रक्त प्रथम हृदयाच्या उजव्या भागात येत असल्याने तेथील त्रिदल झडपेस बहुधा पहिली बाधा होते. तथापि डाव्या बाजूच्या झडपाही सुरक्षित राहतात असे नाही. झडपेवर जंतूंचे व गोठलेल्या रक्ताचे पुंजके वाढतात. उजव्या बाजूचा पुंजका तुटल्यास तो फुप्फुसात जातो; डाव्या बाजूचा तुटल्यास मेंदूत जाऊन पक्षाघात घडवू शकतो.

या विकारावर साधारणतः चार ते सहा आठवडे शिरेवाटे प्रतिजैविके द्यावी लागतात. अनेक रुग्ण तेवढ्याने बरे होतात. परंतु झडप फाटून हृदय थकू लागले, आत गळू झाले किंवा जंतुसंसर्ग आटोक्यात येईना, तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही.

कोणती झडप बसवावी?

धातू व कार्बन यांची कृत्रिम झडप दीर्घकाळ टिकते. पण रक्त गोठू नये म्हणून आयुष्यभर औषध घ्यावे लागते आणि वरचेवर रक्ततपासणी करावी लागते. ज्याचे जीवनच अस्थिर आहे, त्याला हे पथ्य सांभाळणे कठीण. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेस असे औषध जन्मभर लागत नाही, परंतु ती तरुण रुग्णांमध्ये लवकर झिजते. शिवाय कोणतीही परकी वस्तू हृदयात असली की पुन्हा जंतू चिकटण्याचा धोका वाढतो. म्हणून शक्य तेथे मूळ झडपच दुरुस्त करण्याकडे शल्यविशारदांचा कल असतो. १९७० नंतरच्या सुरुवातीच्या काळात डेट्रॉईट येथील डॉ. ऑगस्टिन आरबुलू यांनी तर अशा रुग्णांची दूषित त्रिदल झडप काढून टाकून तिच्या जागी काहीच न बसविण्याचा मार्ग अवलंबिला होता. काही रुग्ण तशा स्थितीतही वर्षानुवर्षे जगले; काहींना मात्र पुढे झडप बसवावी लागली.

निर्णयाची कसोटी

खरा पेच पुढेच आहे. हे रुग्ण वयाने तरुण असल्याने पहिल्या शस्त्रक्रियेतून बहुधा सुखरूप बाहेर पडतात. पण व्यसन कायम राहिले तर काही महिन्यांत नवी झडपही दूषित होऊ शकते. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अधिक जोखमीची असते, कारण जुन्या व्रणांमुळे हृदय छातीच्या हाडाला चिकटलेले असते. अशा वेळी काही शल्यविशारद पुन्हा शस्त्रक्रिया करण्यास नकार देतात. अतिदक्षता विभागातील खाट, रक्तपेढीतील रक्त व कुशल हात मर्यादित आहेत, हा त्यांचा एक मुद्दा. शस्त्रक्रियेने हित होण्यापेक्षा हानीच अधिक होईल, हा दुसरा.

याचा प्रतिवादही तितकाच सबळ आहे. प्रत्यारोपणाच्या हृदयाप्रमाणे झडपा दुर्मीळ नाहीत. बायपासनंतर पुन्हा धूम्रपान करणाऱ्यास कोणी दारातून परत पाठवीत नाही. मग सुईच्या व्यसनासच वेगळा न्याय का? त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, झडप बदलली तरी रोगाचे मूळ, म्हणजे व्यसन, पुष्कळदा उपचाराविनाच राहिलेले असते. अशा स्थितीत दोष केवळ रुग्णाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

मार्ग कोणता?

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात याच मुद्द्यावर भर दिला आहे. हृदयरोगतज्ज्ञ, शल्यविशारद व जंतुसंसर्गतज्ज्ञ यांच्या जोडीला व्यसनमुक्तितज्ज्ञानेही पथकात असावे आणि व्यसनावरील उपचार रुग्णालयातच सुरू व्हावेत, असा त्याचा आशय आहे. मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन या औषधांमुळे द्रव्याची ओढ आवरते आणि सुई हाती घेण्याचे प्रसंग कमी होतात. नकार द्यावयाचा की होकार, हा निर्णय एकट्या शल्यविशारदाच्या मनःस्थितीवर न सोडता पथकाने विचारपूर्वक घ्यावा, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

आपणांसही हा विषय सर्वस्वी परका नाही. १९८० नंतरच्या दशकात मुंबईत गर्दचा फैलाव झाला. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र स्थापन झाले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमांतर्गत सुईवाटे द्रव्ये घेणाऱ्यांना निर्जंतुक सुया पुरविल्या जातात आणि ब्युप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी औषधेही दिली जातात. या उपायांनी केवळ एड्सलाच नव्हे, तर झडपांच्या जंतुसंसर्गासही आळा बसू शकतो.

व्यसनी व्यक्तीस दीर्घकाळ ताप, धाप अथवा छातीत वेदना जाणवल्यास कुटुंबीयांनी लज्जेपोटी विलंब न करता तिला रुग्णालयात न्यावे आणि सुईची सवय डॉक्टरांपासून लपवू नये. वेळीच निदान झाल्यास पुष्कळदा औषधांनीच काम भागते, आणि शल्यविशारदापुढे तो कठीण प्रश्न येण्याची वेळच टळते.